लेकीची ठेवपावती आणि कॉफीचे यंत्र

गेल्या वीस वर्षांत आमच्या टेबलावरून खरेदीच्या किती फायली गेल्या याची मोजदाद नाही. खुर्च्या, पंखे, झेरॉक्सचे यंत्र, वॉटर कूलर, पावसाळ्यात छपरावर टाकायची ताडपत्री. तीन दरपत्रके मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, सर्वांत कमी दराखाली लाल रेघ मारायची आणि ‘मान्यतेस्तव सादर’ असे लिहून फाईल साहेबांकडे पाठवायची. या कामात आम्हाला कोणी फसवू शकत नाही असा आमचा समज होता. तो समज आमच्या थोरल्या लेकीने कॉफीच्या एका घरगुती यंत्रापायी दूर केला. ते कसे, हे वाचक बंधुभगिनींना सांगावेसे वाटते. आमच्यासारख्याच घरांतून आता मुले-मुली नव्या नव्या धंद्यांत शिरत आहेत आणि त्या धंद्यांची हत्यारे काय किमतीची असतात, ती कशी पारखावीत, हे आम्हा आईबापांना ठाऊक नसते.

थोरलीला घरात सगळे ताई म्हणतात. २०२२ साली ती दक्षिण मुंबईतल्या एका कॅफेत कामाला लागली. ‘बरिस्टा’ हा शब्द आम्ही तेव्हा प्रथम ऐकला. इटलीत काउंटरमागे उभे राहून पेये करून देणाऱ्याला असे म्हणतात. खरे सांगायचे तर आम्हाला ते काम पसंत नव्हते. आमचे वडील गिरणीत होते, आम्ही कारकून झालो, तेव्हा पुढची पायरी अधिकाऱ्याचीच असा आमचा सरळ हिशेब. रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेत दुसऱ्यांच्या मुलांना स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरून देणारे आम्ही, आणि आमचीच बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातली मुलगी कपबशा विसळणार! घरात आठ दिवस अबोला होता.

तो मोडला आमच्या आईने. ती गावाहून आली होती. तिला सारे सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, “तिच्या हातचं समदी पित्यात?”

आम्ही म्हणालो, “पितात की. पैसे देऊन पितात.”

“आन् कप?”

“कप एकच. सगळ्यांना तोच.”

आई काही वेळ बोलली नाही. तिच्या तरुणपणी गावच्या हॉटेलात आपल्या माणसांचा कप बाहेर वळचणीला ठेवलेला असे. आपणच तो उतरवायचा, वरून ओतलेला चहा घ्यायचा, आपणच विसळून पुन्हा तिथे ठेवायचा. हे तिने आम्हाला लहानपणी सांगितलेले होते. त्या दिवशी पुन्हा सांगितले नाही. “मंग जाऊ दे की तिला,” एवढे म्हणून तिने पानाची पिशवी उघडली. आमचा विरोध तिथे संपला.

कामगार चळवळीतल्या जुन्या मंडळींना आठवेल की, १९५७ साली कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसे बंद करून कामगारांना घरी पाठवायला घेतले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. आजही अनेक गावांत इंडियन कॉफी हाऊस आहे ते त्या कामगारांच्या संस्थांचे. कॉफी करणे हे हलके काम आहे असे मानणाऱ्या आम्हाला ही गोष्ट ठाऊक होती, तरी घरची वेळ आली तेव्हा आठवली नाही. असो.

पुढची अडचण निराळी होती. ताईला या कामात पुढे जायचे होते. बरिस्टांच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात, पुढे जागतिक स्पर्धा असते. ती २००० सालापासून भरते. त्यासाठी हात बसायला हवा. दिवसभर गिऱ्हाइकांची रांग असताना सराव होत नाही. कॅफे बंद झाल्यावर मॅनेजर अर्धा-पाऊण तास यंत्र वापरू देत. मग ती शेवटच्या गाड्यांपैकी एखादी पकडून अंबरनाथला उतरे तेव्हा दीड-पावणेदोन झालेले असत. आम्ही स्टेशनवर उभे आणि तिची आई घरात दिवा लावून बसलेली. सकाळी आम्हाला साडेसातची गाडी. असे सहा-सात महिने काढल्यावर एका रात्री रिक्षात ताई म्हणाली, “पप्पा, घरी यंत्र असतं तर मी नऊच्या आत घरी असते.”

आम्ही ते मनावर घेतले आणि २०२३ साली तिच्या वाढदिवसाला कार्यालयीन रिवाजाने खरेदी केली. तीन दुकानांचे भाव काढले, सर्वांत स्वस्त ते घेतले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१५ बार’ छापलेले. इतरांवर नऊच लिहिलेले. कमी किमतीत जास्त दाब! आम्ही मनात स्वतःची पाठ थोपटली.

ताईने आईबापांचे मन राखून दोन कप केले. वर फेसही छान आला. धाकट्याने टाळ्या वाजवल्या. महिनाभराने आमच्या लक्षात आले की यंत्रावर फडके घातलेले आहे आणि ताई पुन्हा शेवटच्या गाडीने येते. विचारले तेव्हा ती म्हणाली, “पप्पा, त्या गाळणीला दुहेरी तळ आहे आणि खाली एकच बारीक भोक. कशीही कॉफी घाला, भोकातून जोरात बाहेर पडली की फेस येतोच. तो फेस खोटा आहे. आणि पंधरा बार ही पंपाची ताकद झाली. कॉफीला नऊच लागतात.”

तेव्हा कुठे आम्ही हा विषय मुळापासून समजून घ्यायला बसलो. शिकवणारी लेक, शिकणारे आम्ही उभयता, आणि फळ्याच्या जागी जुन्या कॅलेंडरची मागची बाजू.

आपल्या घरच्या प्रेशर कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त असतो. एस्प्रेसो कॉफीला त्याच्या नऊपट दाब लागतो. बारीक दळलेली सुमारे १८ ग्रॅम पूड दांडीच्या गाळणीत सपाट दाबून बसवायची, आणि तिच्यातून ९३ अंशांच्या आसपासचे पाणी या दाबाने ढकलायचे. पंचवीस ते तीस सेकंदांत सुमारे ३६ ग्रॅम दाट कॉफी उतरली तर काम जमले. पूड जाड असेल तर दहा सेकंदांत पाणी पळून जाते आणि कॉफी आंबट, पांचट लागते. फार बारीक असेल तर थेंब थेंब गळते आणि कडू होते. पाणी दोन-चार अंशांनी इकडे तिकडे झाले तरी चव बदलते.

हा दाब वाफेने येत नाही, हे आम्हाला नवीन होते. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी पेटंट घेतलेले यंत्र वाफेच्या जोरावर चाले. दाब एक-दीड बारच, आणि कॉफीला जळका वास. दुसऱ्या महायुद्धानंतर अकिले गाज्जिया यांनी दांडा आणि स्प्रिंग लावून पाण्याला दाब दिला. १९४८ पासून ती यंत्रे बाजारात आली आणि कॉफीवर पहिल्यांदा तो सोनेरी तवंग दिसला. १९६१ साली फाएमा या कंपनीने विजेचा पंप लावला. त्या यंत्राचे नाव ‘ई ६१’. त्या वर्षी इटलीत सूर्यग्रहण झाले होते त्यावरून ठेवलेले. या नावाशी आमचा पुढे संबंध येणार होता.

आम्ही विचारले, “पण घरी सराव करायला एवढं भारी कशाला? मुलं साध्या बॅटने शिकून मोठी होतात.”

ताई म्हणाली, “पप्पा, कॉफी बिघडली तर चूक माझी की यंत्राची, हे मला कळलं पाहिजे. यंत्राचंच पाणी कधी अठ्ठ्याऐंशी, कधी अठ्ठ्याण्णव असेल तर मी शिकणार काय?”

या वाक्याने आम्ही गप्प झालो. रोकड मेळाला बसलेल्या माणसाला हे वेगळे समजवावे लागत नाही. तराजूच खोटा असेल तर माप घेणाऱ्याची परीक्षा होत नाही.

आता पैशाचे. चांगले यंत्र आणि त्याबरोबर पूड करायचे ग्राइंडर, असे मिळून खर्च तीन लाखांच्या आत-बाहेर जात होता. म्हणजे आमच्या हातात पडणारा सात-आठ महिन्यांचा पगार. कर्ज काढायचे नाही, हे उभयतांचे आधीच ठरले. राहिली एक ठेवपावती. ताई तीन वर्षांची असताना पोस्टात आवर्ती ठेव सुरू केली होती. पुढे बोनस, थकबाकी, आईच्या भिशीचे पैसे असे भर घालीत ती बँकेत मुदत ठेव झाली. २०२४ च्या ऑक्टोबरात तिची मुदत भरून तीन लाख ऐंशी हजार हाती येणार होते. पावती ठेवली त्या लिफाफ्यावर आमच्याच अक्षरात लिहिलेले आहे: ‘ताईचे लग्न’.

आम्ही तालुक्याच्या सामुदायिक विवाह समितीवर आहोत. लग्नात हॉल, बँड, जेवणावळी यांवर उधळपट्टी करू नका, तो पैसा मुलांच्या शिक्षणाला लावा, हे आम्ही दरवर्षी माईकवरून सांगतो. आणि घरी कपाटात हा लिफाफा. ताईने त्याचे नावही काढले नाही. धाकटा मात्र जेवताना म्हणाला, “पप्पा, मागच्या मेळाव्यातलं तुमचं भाषण माझ्या मोबाइलमध्ये आहे. लावू का?”

आम्ही ताटावरून उठलो. राग मुलाचा आला होता की स्वतःचा, ते त्या रात्री नीट कळले नाही. तिची आई मात्र वेगळ्या काळजीत होती. “भाषणाचं जाऊ द्या. उद्या तिचं लग्न झालं तर एवढं मोठं धूड कुठे राहणार?” दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता तिनेच उत्तर दिले. “शिंपिणीचं मशीन शिंपिणीबरोबर जातं. तिचं हत्यार तिच्याबरोबर जाईल.” लिफाफा फाडला नाही. त्यावरचा ‘लग्न’ हा शब्द खोडून तारीख टाकून सही केली, कार्यालयात करतो तशी.

मग तक्ता मांडला. या वेळी मात्र रकाने ताईने आखले.

पहिला रकाना बॉयलरचा. कॉफीला पाणी ९३ अंशांचे, पण दुधाला वाफ देण्यासाठी १२० च्या वरचे लागते. (वाफेच्या बॉयलरमधला दाब एक ते दीड बार, म्हणजे आपल्या कुकरइतकाच. हे ऐकून तिच्या आईची भीती निम्मी गेली.) एकच बॉयलर असलेल्या यंत्रात कॉफी उतरवल्यावर तो तापायची वाट पाहायची, मग दूध, मग पुन्हा निवायची वाट. रांचिलिओ कंपनीचे ‘सिल्विया’ हे यंत्र या जातीतले, मजबूत म्हणून नावाजलेले. एक-दोन कप पिणाऱ्या घराला ते पुष्कळ झाले. ताईला मात्र स्पर्धेसारखे एकामागून एक कप करायचे होते.

दुसरी जात समजायला आम्हाला गावचा बंब उपयोगी पडला. तांब्याच्या बंबात मधोमध विस्तवाची नळी आणि भोवती पाणी असते. या यंत्रात उलटे: भोवती वाफेच्या बॉयलरचे उकळते पाणी आणि मधल्या नळीतून कॉफीचे ताजे पाणी तापत जाते. कॉफी आणि वाफ एकदम मिळते. मात्र यंत्र काही वेळ स्वस्थ राहिले की नळीतले पाणी जास्त तापते, ते थोडे आधी सोडून द्यावे लागते.

तिसऱ्या जातीत दोन स्वतंत्र बॉयलर, कॉफीचा एक आणि वाफेचा एक. शिवाय तापमान राखणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असते, त्याला पीआयडी म्हणतात. साध्या थर्मोस्टॅटचे काम इस्त्रीसारखे चालते. तापली की बंद, निवली की चालू, मधे बऱ्याच अंशांचा झोका. पीआयडी हा झोका जवळजवळ काढून टाकते. चूक कोणाची ते कळायचे असेल तर हेच हवे, असे ताईचे म्हणणे आणि ते आम्हाला पटले.

या जातीत फ्लोरेन्सच्या ला मार्झोक्को कंपनीचे ‘लिनिया मिनी’ हे नाव ताईच्या तोंडी फार. १९२७ साली स्थापन झालेली कंपनी. कॅफेतल्या मोठ्या यंत्राची ही घरगुती आवृत्ती त्यांनी २०१५ मध्ये काढली. किंमत ऐकून आम्ही पंख्याखाली जाऊन बसलो. ताई हसून म्हणाली, “ते नुसतं बघायचं, पप्पा.”

आमच्या आतेभावाचा मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे स्वस्त मिळते, कोणाबरोबर तरी पाठवतो म्हणाला. आम्ही जवळजवळ हो म्हटले होते. पण तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट बदलता येतात, पण तिकडचे ६० हर्ट्झ आपल्याकडे ५० होतात ते बदलत नाहीत, आणि घरगुती यंत्रांतला थरथरणारा पंप त्या हर्ट्झवरच चालतो. शिवाय बिघडले तर परत कोण नेणार? तो विषय मिटला. बंद पडलेल्या एका हॉटेलचे जुने यंत्र निम्म्या किमतीत मिळत होते. तेही कॅफेच्या मेकॅनिकने नको म्हणून सांगितले. आत पांढऱ्या क्षाराचे थर बसले होते, गीझरच्या कॉइलवर बसतात तसे, आणि ते यंत्र दिवसभर तापत राहण्यासाठी बनवलेले. घरच्या वीजबिलाला परवडणारे नव्हते.

हे मेकॅनिक आयुष्यमान आमच्यासाठी फार उपयोगी ठरले. एका रविवारी ते आम्हा तिघांना यंत्रांच्या दुकानात घेऊन गेले. विक्रेता काचेवरची चकाकी, लाकडी मुठी, रंगीत पडदा दाखवू लागला. तिची आई मागे उभी होती. तिने विचारले, “भाऊ, हे उघडून दाखवता का? आत काय आहे ते?”

विक्रेता ओशाळला, पण मेकॅनिकने चार स्क्रू काढून झाकण उचलले. आत तांब्याच्या नळ्या, दोन बॉयलर, वायरी. तोंडाशी पितळेचा जाड ठोकळा, चारेक किलोचा. तोच १९६१ सालचा ‘ई ६१’. त्याच्यातून गरम पाणी सतत खेळत राहते म्हणून तो एकसारखा तापलेला असतो. तापायला मात्र अर्धा तास घेतो. मेकॅनिक म्हणाले की हा ठोकळा आज अनेक कारखाने बनवतात, त्याचे रबर, झडपा, जाळ्या एकमेकांच्या चालतात. दांडीच्या गाळणीला बसणारे रबराचे कडे त्यांनी काढून तिच्या आईच्या हातात ठेवले. ती म्हणाली, “हे तर कुकरचं रिंग!” आणि लगेच, “हे मिळतं का इथे? किती दिवसांत?”

आमच्या तक्त्यात हा रकाना नव्हता. घरी येऊन तो घातला आणि साऱ्या तक्त्याचा नूर पालटला. ज्या यंत्राखाली आम्ही लाल रेघ मारणार होतो त्याचा सुटा भाग परदेशातून यायला दीड-दोन महिने लागणार होते. दिसायला साध्या असलेल्या एका इटालियन यंत्राचे भाग विक्रेत्याच्या गोदामात होते आणि मेकॅनिक ते डोळे मिटून खोलू शकत होते. ते पंधरा हजारांनी महाग होते. वीस वर्षांच्या नोकरीत आम्ही प्रथमच कमी दराचे दरपत्रक बाजूला ठेवले, आणि शेऱ्यात कारण लिहिले: ‘दुरुस्ती जवळ’. यंत्राचे नाव मुद्दाम देत नाही. फुकटची जाहिरात होईल, आणि दुसऱ्या गावी दुसरेच यंत्र दुरुस्तीला सोपे असेल.

पंपाचेही दोन प्रकार आहेत. फिरता पंप जवळजवळ आवाज करत नाही. थरथरणारा गुरगुरतो, पण स्वस्त आणि बदलायला सोपा. आमच्या भिंतीपलीकडे रात्रपाळी करून झोपणारे शेजारी. तरी थरथरणाराच घेतला आणि खाली जाड रबरी चटई घातली. शेजारच्या वहिनींना आधी जाऊन सांगितले, हे महत्त्वाचे.

सगळ्यांत अवघड गेले ते ग्राइंडरचे. एकूण पैशांतला जवळजवळ तिसरा हिस्सा नुसत्या दळण्यावर जातो हे आम्हाला झेपेना. मिक्सर आहे की घरात! ताईने मिक्सरमध्ये दाणे फिरवून कागदावर ओतले. निम्मे पीठ, निम्मी कणी. पाणी कणीच्या वाटेने पळते आणि पिठातून कडूपणा ओढते. ग्राइंडरमध्ये पोलादाची दोन दातेरी जाती असतात, त्यांच्यातले अंतर केसाएवढे कमी-जास्त करता येते. गिरणीत जाऊन ‘भाकरीचं बारीक’ आणि ‘भरड’ सांगणाऱ्या तिच्या आईला हे आमच्या आधी कळले. ती म्हणाली, “जातं चांगलं हवं. तिथे काटकसर नको.” ताईचे तर म्हणणे, पैसे कमी पडले तर यंत्र हलके घ्यावे, ग्राइंडर नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी ही वेळ आली तर एवढे ध्यानात असावे.

यंत्र येण्याआधी वायरमनला बोलावले. स्वयंपाकघरातला सॉकेट साधा सहा अँपिअरचा, आणि अर्थिंगची वायर भिंतीत नुसतीच सोडलेली, कुठे जोडलेलीच नाही. पंधरा वर्षे आम्ही त्याच सॉकेटवर मिक्सर चालवत होतो! पाणी, लोखंड आणि वीज एका जागी, तिथे हा निष्काळजीपणा चालत नाही. मीटरपासून जाड वायर, सोळा अँपिअरचा सॉकेट, वेगळा एमसीबी आणि खरी अर्थिंग असे सारे करून घेतले. गीझर आणि यंत्र एका वेळी लावायचे नाही असा नियम भिंतीवर चिकटवला आहे.

पाण्याची तऱ्हा अशी की, आमच्याकडे नळ बंद असला की टँकर येतो आणि टँकरचे पाणी जड. त्याने वर्षभरात बॉयलरमध्ये क्षार धरला असता. आम्ही म्हटले, मग आरओचे घालू. तर ते फार निर्मळही चालत नाही. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते एका धातूच्या काडीला पाण्यातून वाहणाऱ्या सूक्ष्म विजेवरून कळते. क्षार अगदीच नसले तर काडीला पाणी दिसतच नाही. आता आरओचे आणि नळाचे पाणी मिसळतो. थेंब टाकून रंग बदलेपर्यंत मोजायची एक बाटली मिळते, तिने धाकटा दर रविवारी पाणी तपासतो आणि वहीत नोंद करतो.

नोव्हेंबरात यंत्र आले. तेवीस-चोवीस किलो. रिक्षावाल्याने आणि आम्ही मिळून दोन जिने चढवले. ओट्याची उंची आणि वरच्या फळीतले अंतर आम्ही आधी मोजले होते. पाण्याची टाकी वरून भरावी लागते हे मात्र विसरलो होतो. फळी कापावी लागली.

ताईच्या कामाची वेळ दहाची. ती साडेपाचला उठून यंत्र चालू करते, सहाला तापते, सातपर्यंत सराव. रात्री ती नऊ-सव्वानऊला घरात असते, आणि आम्ही स्टेशनवर उभे राहायचे सोडले आहे. एक रकाना मात्र आम्ही तक्त्यात धरलाच नव्हता. पाव किलोच्या पाकिटात तेरा-चौदा कप होतात आणि सरावाला दिवसाला सहा-सात लागतात. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. ताई चिकमगळूरचे दाणे आणते, त्यांचा खर्च महिन्याच्या किराण्याला टेकतो. आता कॅफेतले भाजून जुने झालेले दाणे ती सवलतीत घेते. दूध ओतायचा सराव भांडी घासायच्या साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यावर करते. ठेवीतले उरलेले नव्वद हजार पुन्हा मुदतीत टाकले, आणि ताई दरमहा पाच हजार त्यात भरते. वहीत तिचे खाते आम्ही काढले आहे. आजपर्यंत एकही हप्ता चुकलेला नाही. हिशेबात आणखी एक नोंद आहे: रबरी कडे, नग एक, बदलले. मेकॅनिकने नाही, तिच्या आईने.

संक्रांतीच्या सुमारास आई गावाहून आली. यंत्राकडे पाहून तिने “केवढं हाय!” एवढेच म्हटले. ताईने पहिला कप तिला दिला. आईने एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. “लई कडू.” आम्ही म्हणालो, “आई, ती तशीच असते, इकडची माणसं…”

ताईने आम्हाला थांबवले आणि घड्याळ पाहिले. “नाही पप्पा, आजी बरोबर बोलतेय. चाळीस सेकंद झाली. दळण बारीक झालंय, चूक माझी.” तिने ग्राइंडरची कडी दोन रेघा जाडीकडे फिरवली, गाळणी धुतली आणि दुसरा कप केला. आईने तो गुळाचा खडा तोंडात धरून सावकाश संपवला, आणि विसळायला म्हणून उठू लागली. ताईने तिच्या हातातून कप काढून घेतला.